मागच्या दारची पंगत

मी तिबुर्सियाबाईंची कढई बोलतेय. दोघांनी कान धरून उचलावी लागते, एवढी मोठी. आमच्या इलोइलो शहरातल्या लोहाराने मला घडवलं ते एका नवसापायी. बाईंचा लेक एल्पिदियो घर सोडून मनिलाला गेला होता. चार वर्षं त्याचं पत्र नाही. तेव्हा बाई मेरीमातेसमोर गुडघे टेकून म्हणाल्या होत्या, "माझा लेक घरी येऊ दे. दर मे महिन्यात तुझ्या मिरवणुकीच्या दिवशी सगळ्या गल्लीला पान्सितच्या शेवया खाऊ घालीन."

लेक आला. एकटा नाही, आपल्या जोडीदाराला, अर्नेलला घेऊन आला. दोघांनी बाजारात पार्लर काढलं. बाईंनी नवस फेडायला मला चुलीवर चढवलं. त्याला सात वर्षं झाली, आणि सातही वर्षं तेच ते बघून मी वैतागलेय.

मिरवणुकीत गावच्या मुली राण्या होऊन चालतात. त्यांचे झगे कोण शिवतं? एल्पिदियो. केस कोण बांधतं? अर्नेल. फुलांच्या कमानी बांधते क्रिस्ती, जिचा बाप्तिस्मा मुलगा समजून क्रिसान्तो या नावाने झाला होता, आणि तिच्यासारख्याच तिघी मैत्रिणी. मिरवणूक परतली की पाहुणे पुढच्या खोलीत टेबलाशी, आणि ही सहा जणं मागच्या दारी, माझ्या धुरात, केळीच्या पानावर, उभ्याने. कुणी हाकललेलं नाही बरं. आपणहून येतात. "इथेच बरं वाटतं, मावशी," म्हणतात. बाईही म्हणतात, "बरं बाळांनो." आता वैतागू नको तर काय करू?

यंदा एल्पिदियो नुसत्या शेवया चिवडत होता. महिनाभर त्याला धड झोप नव्हती, भूक नव्हती.

"खा गं बये," क्रिस्ती म्हणाली, "नाहीतर त्या बारक्या राणीच्या झग्यात तूच मावशील."

तो हसला नाही. "आई, आम्ही पुढच्या आठवड्याच्या बोटीने मनिलाला परत चाललोय."

"का रे? इथे काय कमी पडलं?"

"कमी काही नाही. रस्त्यात जो तो विचारतो, झगा झाला का. जेवलास का, असं सात वर्षांत एकानेही विचारलं नाही."

आमच्याकडे तर वाटसरूलाही पहिलं तेच विचारतात.

बाईंचा झारा माझ्यातच थांबला. शेवया खाली लागत होत्या, मी चरचरून सांगत होते, पण लक्ष कुठे? मग त्या हळूच म्हणाल्या, "मातेने तुला घरी आणलं. मागच्या दारात मी अडवून ठेवलं."

"तू कुठे अडवलंस, आई?"

"आत ये, असंही कधी म्हटलं नाही ना."

त्यांनी हात पुसले. "एक कान तू धर, एक अर्नेल धरेल." आणि काजळीसकट मी पुढच्या खोलीत, पांढऱ्याशुभ्र टेबलावर.

"अगं, डाग पडतील!" गावप्रमुखाची बायको फेलिसिदाद ओरडली.

"पडू देत. तू जरा सरक. माझी सहा मुलं जेवायची राहिलीत."

ती सरकली. तोंड वाकडं करून, वीतभरच, पण सरकली. एल्पिदियो बसला. करपलेल्या शेवया त्याने दोनदा मागून घेतल्या.

त्या आठवड्याची बोट त्याच्याशिवाय गेली. पुढच्या बोटीचं मला ठाऊक नाही. एका जेवणाने सात वर्षं भरून निघत नाहीत, हे बाईंनाही कळतं. म्हणून त्या आता रोज पार्लरच्या दारात जाऊन विचारतात, "जेवलात का रे?"

तुम्हीही नवस बोलत असाल. पुढचा बोलाल तेव्हा एवढं कबूल करा: तुमचा सण सजवणारं, पण स्वतः दाराशीच थांबणारं जे कुणी असेल, त्याला नाव घेऊन आत बोलवाल, आणि ते बसेपर्यंत कुणालाही वाढणार नाही. कराल ना?