आकडा खरा, चाक चुकीचं

मी टायरच्या पोटातून बोलतोय. होय, टायरच्याच. इकडेतिकडे बघू नका, दिसायचा नाही मी. चाकात हवा भरायची जी छोटी नळी बाहेर डोकावते ना, तिच्या आतल्या टोकाला मी चिकटून बसलेला असतो. काळा, अर्ध्या काड्यापेटीएवढा. मला हवेचा सेन्सर म्हणतात. आत हवा किती आहे ते मोजायचं आणि गाडीला कळवायचं, एवढंच माझं काम. 'एवढंच' म्हटलं खरं, पण दिवसभर गरगर फिरत, उन्हात भाजत, खड्ड्यात आपटत कुणी एक आकडा अचूक सांगून दाखवावा! मग बोलू.

गाडी उभी असली की मी डुलकी काढतो. चाक फिरायला लागलं की जागा. मग दर मिनिटाला माझा निरोप सुटतो, 'मी अमुक नंबरचा, हवा तेहेतीस.' वायर नाही, काही नाही, हवेतूनच. माझी बॅटरी पोटातच बसवलेली आहे आणि ती बदलता येत नाही. ती आहे तोवर मी आहे. त्यामुळे वायफळ बडबड मला परवडत नाही.

कारखान्यात आमची परीक्षा झाली ती अजून आठवते. हातमोजे घातलेली एक बाई आम्हाला काचेच्या पेटीत ठेवायची, हवा सोडायची आणि समोरच्या पडद्यावर आमचं उत्तर बघायची. माझ्या शेजारचा दोन आकड्यांनी चुकला. बाईंनी त्याला सरळ लाल डब्यात टाकलं. त्या दिवसापासून आकड्याच्या बाबतीत मी हट्टी झालो, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

पुढे आम्ही चार भाऊ एका निळ्या गाडीच्या चार चाकांत जाऊन बसलो. गाडीच्या मेंदूत आमचे नंबर टिपून ठेवले गेले, कुठल्या नंबरचा भाऊ कुठल्या चाकात ते. माझ्या नंबरापुढे लिहिलं होतं, पुढचं उजवं चाक. मान मोठा होता बरं का, पुढचं उजवं म्हणजे!

गाडी घेतली ती आमच्या बाईंनी. बाई पडदे शिवतात. घराच्या पुढच्या खोलीत मोठं टेबल, दोन शिलाई मशीन, आणि भिंतीला टेकून उभे कापडाचे गठ्ठे. नवरा गेला, लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, आणि बावन्नाव्या वर्षी बाई गाडी शिकल्या. 'या वयात?' असं ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांच्या घरचे पडदे लावायला त्या स्वतः गाडी चालवत गेल्या. मला तेव्हाच त्या आवडल्या.

त्यांची एक खोड होती. खिडकी कितीही साधी असो, डावीकडून मोजायची, उजवीकडून मोजायची, वर मोजायची, खाली मोजायची. गिऱ्हाईक म्हणायचं, 'अहो, सरळ तर आहे.' बाई म्हणायच्या, 'सरळ दिसणं वेगळं, असणं वेगळं.' आणि खडूने कापडावर खूण करायच्या.

बाईंना एक धाकटा भाऊ. त्याचं चपलांचं दुकान, पण घरात सगळे त्याला इंजिनियरसाहेब म्हणायचे, कारण त्याला माहीत नाही अशी गोष्ट जगात नव्हती. मिक्सर बिघडला की तो, नळ गळला की तो. मन मात्र सोन्यासारखं. मी पाच वर्षांचा झालो त्या सुमाराला बाईंच्या लेकीला बाळ झालं. वीस दिवसांनी बाई स्वतः गाडी घेऊन लेकीला आणि बाळाला माहेरी आणणार होत्या. एकट्या, एकशे ऐंशी किलोमीटर. साहेबांना कुठे राहवतंय!

"ताई, भाचीला आणायला निघालीस ना, मग गाडी कशी झोकात दिसली पाहिजे!" म्हणत त्याने चार नवी चकचकीत चाकं भेट दिली आणि गाडी टायरवाल्याकडे नेली. बाई सोबत होत्या.

टायरवाल्याने जुनं चाक मशीनवर चढवलं. टायर सोडवायला एक पोलादी पातं येऊन दाबतं. ते माझ्या अंगावर आलं तर माझा चुराडा! पण माणूस जाणता होता. नळी कुठे आहे ते बघून त्याने पातं दुसऱ्या बाजूला लावलं आणि मला अलगद बाहेर काढलं. पाच वर्षांनी उजेड बघितला मी.

"हे जुने डबे कशाला परत बसवतोस?" साहेबांनी विचारलं. "साध्या नळ्या टाक."

"गाडीबरोबर आलेत ते, गाडीबरोबरच राहतील," बाई म्हणाल्या. त्या एका वाक्याने मी वाचलो.

पण घोटाळा झाला तो पुढेच. टायरवाल्याने आम्हा चौघांना एकाच थाळीत ठेवलं. तेवढ्यात चहा आला. चहानंतर ज्याच्यावर हात पडला तो समोर असेल त्या चाकात. दोघे भाऊ नशिबाने आपापल्या जागी गेले. मी मात्र पुढच्या उजव्या ऐवजी मागच्या डाव्या चाकात, आणि मागचा डावा भाऊ माझ्या जागी!

याला उपाय असतो. टायरवाला म्हणालाही, "साहेब, पाच मिनिटं थांबा. कोण कुठे बसलाय ते गाडीला शिकवायचं राहिलंय."

"काही गरज नाही. हल्लीच्या गाड्या आपोआप ओळखतात," साहेब म्हणाले आणि गाडीत बसले सुद्धा.

काही गाड्या ओळखतात. आमची नव्हती ओळखत.

निघायला दोन दिवस राहिले होते. कापडाच्या दुकानाबाहेर माझ्या टायरमध्ये एक स्क्रू घुसला. बारीक, कुणाला दिसणार नाही असा. हवा हळूहळू सुटायला लागली. मी लगेच कळवलं, 'एकतीस.' मग एकोणतीस. सव्वीसला गाडीतला पिवळा दिवा लागला. वाटलं, चला, जीव भांड्यात पडला, आता बघतील.

बघितलं ना! पडद्यावर आलं, 'पुढचं उजवं चाक, सव्वीस.' आकडा माझा, पण चाक दुसऱ्याचं. साहेबांनी पंपावर पुढचं उजवं तपासलं तर तिथे तेहेतीस.

"बघितलंस ताई? सेन्सरला वेड लागलंय," ते म्हणाले. "असू दे, थोडी जास्तीच भरतो." पुढच्या उजव्या चाकात त्यांनी सहा पाउंड आणखी कोंबले. दिवा काही जाईना. तेव्हा त्यांनी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा कापून दिव्यावर लावला. "आता बघूच नकोस तिकडे. आल्यावर काढून टाकू त्या डब्यांना."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या! वेड? मला? अहो, मी घसा फोडून खरं सांगतोय आणि तुम्ही माझ्याच तोंडाला पट्टी लावताय! पण राग आला तो तेवढ्यापुरता. खरी धास्ती निराळीच होती. बाईंनी बाळासाठी जी छोटी खुर्ची आणली होती, ती मागच्या सीटवर डाव्या बाजूला बांधली होती. माझ्या बरोबर डोक्यावर. येताना गाडीत लेक, सामान आणि ते वीस दिवसांचं बाळ असणार. एवढ्या ओझ्याखाली, हवा कमी झालेला टायर वेगात तापतो, आणि तापलेला टायर फुटतो. हे मला ठाऊक होतं. ओरडण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं, आणि माझं ओरडणं भलत्याच चाकाच्या नावावर जमा होत होतं.

सकाळी बाई निघाल्या. चोवीस. तेवीस. मी दर मिनिटाला सांगत राहिलो. निम्म्या वाटेवर एका पंपाजवळ त्या चहाला थांबल्या. चहा पिऊन परत बसल्या आणि त्यांची नजर त्या पट्टीवर गेली. साहेबांनी ती तिरकी लावली होती. पडदे शिवणाऱ्या बाईला तिरकं कुठे सोसतंय! सरळ करायला म्हणून त्यांनी ती सोलली. खाली पिवळा दिवा तसाच जळत होता.

त्यांनी बटण दाबून आकडे पडद्यावर आणले. पुढचं उजवं, बावीस. मागचं डावं, एकोणचाळीस.

"एकोणचाळीस?" बाई स्वतःशीच म्हणाल्या. "मागच्या चाकाला तर आपण हातही लावला नाही."

शाब्बास बाई! मी आत नाचायचाच बाकी होतो.

त्यांनी पंपावरच्या हवावाल्याला हाक मारली. "दादा, चारही चाकं मोजा."

"दिवा एका चाकाचा आहे ना? चार कशाला?"

"मी खिडकी सगळीकडून मोजल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. मोजा तुम्ही."

हवावाला पुटपुटत वाकला. तो आकडा सांगायचा आणि बाई पिशवीतल्या शिवणाच्या खडूने तो टायरवर लिहायच्या. पुढचं डावं, तेहेतीस. मागचं उजवं, तेहेतीस. पुढचं उजवं, एकोणचाळीस. मग तो माझ्यापाशी आला.

"बाई," तो म्हणाला, आणि त्याचा सूरच बदलला. "यात बावीसच आहे."

बाई गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या. पडद्याकडे बघितलं, खडूकडे बघितलं. "पुढच्या उजव्यातली थोडी हवा सोडा बरं." त्याने सोडली. हवा झपकन बदलली की आम्ही उभ्या गाडीतही बोलतो. भावाने तत्काळ निरोप धाडला, आणि पडद्यावर मागच्या डाव्याचा आकडा धडाधड उतरला.

बाईंनी कपाळावर हात मारला आणि खो खो हसायला लागल्या. "अहो, यांना वेडबिड काही लागलेलं नाही! दोघांच्या जागा बदलल्यात. पोरं खरं सांगत होती, आम्हीच त्यांना भलत्या नावाने हाका मारत होतो!"

ते ऐकलं आणि माझा ऊर भरून आला. गेल्या दोन दिवसांचं सगळं बोलणं कुणीतरी एकदम ऐकून घेतलं होतं.

शेजारीच एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं टायरचं दुकान होतं. त्याने चाक काढलं, पाण्यात बुडवलं, बुडबुडे बघितले आणि तो स्क्रू शोधला. "ताई, काढताना हा टायर बाजूने चांगलाच गरम लागला. थोडक्यात वाचलात. भरल्या गाडीने परतीला निघाला असता तर फुटलाच असता." बाईंनी टायरवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "नातीला आणायला चाललेय हो."

मिस्त्रीने आतून ठिगळ लावलं, मला फडक्याने पुसलं, नळीचं रबर नवं घातलं. मग हातात मावेल असं एक यंत्र आणलं आणि एकेका चाकाजवळ धरलं. पुढचं डावं, गाडीचा भोंगा वाजला. पुढचं उजवं, वाजला. मागचं उजवं, वाजला. शेवटी माझी पाळी. मी माझा नंबर खणखणीत सांगितला. भोंगा असा वाजला की झाडावरचे कावळे उडाले! पिवळा दिवा विझला. बाईंनी टाळ्या वाजवल्या, हवावाल्यानेही वाजवल्या, आणि मिस्त्री उगाचच लाजला.

परतीच्या वाटेवर गाडी भरलेली होती. पोर माझ्या डोक्यावर गाढ झोपलेली. एकशे ऐंशी किलोमीटर मी एकच आकडा सांगत आलो. इतकी कंटाळवाणी बातमी मी आयुष्यात इतक्या आनंदाने दिली नाही.

दारात साहेब उभे होते. भाचीला बघितलं, बाळाला बघितलं आणि मग गाडीत डोकावले. "दिवा गेला? पट्टी काढलीस तू?"

"काढली. तो खरं बोलत होता. गाडीला ओळख करून द्यायची राहिली होती. कुणाला घाई होती रे पाच मिनिटांची?"

बाईंनी स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवला आणि मिस्त्री काय म्हणाला तेही सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी बाळाकडे बघितलं. "चुकलं माझं, ताई," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य घरात पहिल्यांदाच ऐकू आलं म्हणतात. अर्थात संध्याकाळपर्यंत ते शेजाऱ्यांना सेन्सरचं महत्त्व समजावून सांगत होते!

आता मी दहा वर्षांचा झालो. बॅटरी संपत आली आहे. मिस्त्री म्हणाला, हा यंदा जाईल. जाईन. मला त्याचं दुःख नाही. तुम्हाला सांगणं एवढंच, नवी चाकं जरूर बसवा, चकचकीत बसवा, पण आतल्या आमच्यासारख्यांना विसरू नका. आमची ओळख गाडीला करून द्या. आणि आकडा पटला नाही तर आमच्या तोंडाला पट्टी लावण्याआधी एकदा चारही चाकं मोजा.

त्या दिवसापासून बाईंचा नियम आहे, चारही आकडे पडद्यावर आल्याशिवाय मोठ्या रस्त्याला लागायचं नाही. नात पाच वर्षांची झाली. सुट्टीला आली की आकडे वाचायचं काम तिचं. आज सकाळी आम्ही निघालो. गल्लीत चाकं फिरली, एक आकडा आला, दुसरा आला, तिसरा आला. माझा येईना. मी जोर लावत होतो, पण आवाजच फुटत नव्हता.

"आजी, चौथा येतच नाहीये. जाऊ या ना!"

"येईल. त्याला थोडा वेळ लागतो आता," बाई म्हणाल्या. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी येऊन त्यांनी गाडी वळवली आणि अख्ख्या गल्लीला आणखी एक फेरी मारली. माझ्यासाठी!

मी होता नव्हता तेवढा जीव एकवटला.

"तेहेतीस!" पोरगी किंचाळली. "आजी, तेहेतीस!"

आणि आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो.