कासविणीचा टोकमा

मित्रांनो, मी एक जुना टोकमा आहे. मला काठी म्हणू नका, राग येतो! काठी चालायला लागते. मी थांबायला लागतो.

नेपाळच्या डोंगरांत पाठीवर ओझं वाहणारे भरिया असतात. ओझ्याचा पट्टा कपाळावर आणि बांबूच्या कामट्यांचा डोको पाठीवर. एवढं ओझं घेऊन एकदा खाली बसलं की पुन्हा उठताना देव आठवतो. म्हणून भरिया उभ्यानेच विसावतात. माझ्या डोक्यावर एक आडवी फळी आहे. तिच्यावर डोको टेकायचा, पाठ सरळ करायची आणि 'सूऽऽऽ' अशी शीळ घालत छातीतला श्वास सोडायचा. त्या शिळेइतका गोड आवाज मी दुसरा ऐकलेला नाही.

भोजपूरच्या, राई जमातीच्या एका सुताराने गुरांस नावाच्या झाडाच्या एकाच खोडातून आम्हा दोघा भावांना घडवलं. मला त्याने आपल्या मुलीला, दिलमायाला दिलं. माझा भाऊ जावयाच्या, हर्कबहादुरच्या हाती गेला.

दिलमाया चणीने लहान. दहा पावलं चालायची, मला टेकवायची, शीळ घालायची, पुन्हा दहा पावलं. हर्क मात्र उंचापुरा आणि तोंडाने त्याहून उंच. वळणावर पुढे जाऊन उभा राहायचा आणि ओरडायचा, "ए कासविणी! पोचशील ना गं यंदा?"

"तू हो पुढे, सशा," ती म्हणायची. "सशाचं काय झालं ते ठाऊक आहे ना?"

वीस वर्षं मी तिच्या पाठीशी राहिलो. तिच्या काळजाची धडधड डोक्यातून माझ्यात उतरायची. डोको म्हणजे टोपली हं, माझं डोकं नव्हे! आणि खरं सांगतो मित्रांनो, माणसाच्या अंगासारखं शहाणं काही मी पाहिलेलं नाही. चढ लागला की काळीज आपणहून धावू लागतं. ऊन तापलं की घाम फुटतो आणि अंग निवतं. थंडी वाजली की तेच अंग कुडकुडून ऊब तयार करतं. पायाखालचा दगड हलला, तर दिलमायाला "अगं बाई!" म्हणायला सुचायच्या आत तिचा घोटा सावरलेला असायचा. उंचावर हवा विरळ होते, ते तिच्या छातीला सगळ्यांत आधी कळायचं. कुणी न सांगता ती भराभर श्वास ओढू लागायची. मी पडलो लाकूड. पावसात फुगायचं आणि उन्हात तडकायचं, एवढंच मला येतं.

तर त्या वर्षी वर लोबुचेच्या एका भट्टीसाठी, म्हणजे वाटसरूंच्या खानावळीसाठी, सामान पोचवायचं होतं. दिलमायाने तांदूळ घेतला. हर्कने गॅसच्या दोन टाक्या आणि वर रॉकेलचा डबा घेतला. नाकापेक्षा मोती जड!

वाटेत नाम्चेला एक दिवस थांबायची रीत आहे. अंगाला उंचीची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो. पण हर्क कसला ऐकतो!

"लेक लागायला मी काय पाहुणा आहे?" तो म्हणाला. तिकडे लेक म्हणजे पोरगी नव्हे बरं का, लेक म्हणजे उंच डोंगर. विरळ हवेचा जो आजार होतो, त्याला लेक लागणं म्हणतात. "लेक लागतं ते परदेशी पाहुण्यांना. आपण डोंगरातलेच!"

"आपलं गाव खालच्या डोंगरात आहे रे, म्हाताऱ्या," दिलमाया म्हणाली. तिकडे विशीतले नवरा-बायकोही एकमेकांना म्हातारा-म्हातारी म्हणतात.

"मग तू थांब, म्हातारे. मी चाललो."

ती कशी थांबणार? निघाली मुकाट्याने त्याच्या मागून.

दोन दिवसांनी सकाळी थुकलाचा चढ समोर होता. हर्कने न्याहारीचे बटाटे तसेच ठेवले. रात्री झोप लागली नाही, एवढंच म्हणाला. त्या दिवशी तो पुढे नव्हता, मागे होता. मला माझ्या भावाचा आवाज येत होता. एरवी तो दगडावर ठाम वाजायचा, टक्, टक्. आज टक्, मग बराच वेळ काही नाही, मग खरडल्यासारखं दोनदा टक्‌टक्. आणि शीळ तर नाहीच.

दिलमाया एकदम थांबली. तिच्या काळजाची उडी मला जाणवली.

"म्हाताऱ्या, सकाळपासून तू मला एकदाही कासवीण म्हणाला नाहीस."

"डोकं दुखतंय जरा. चल तू. मला काही झालेलं नाही."

जीभ जड होती त्याची. मित्रांनो, यातच सगळी मेख आहे. अंग तर केव्हाचं ओरडत होतं. डोकं ठणकत होतं, भूक मेली होती, पाय अडखळत होते. पण ते ओरडणं ऐकायचं ज्या मेंदूने, त्यालाच हवा पुरत नव्हती! मग हर्कला हर्कचं कळणार कसं? ते दुसऱ्या कुणाला तरी कळावं लागतं.

दिलमायाने त्याचं ओझं उतरवून घेतलं. मला उलटं धरलं आणि माझ्या टोकाने मातीत दहा पावलांची सरळ रेघ ओढली.

"या रेघेवरून चाल. टाचेला बोटं लावत. नीट चाललास तर वर जाऊ, आणि जन्मभर तुला मालक म्हणेन."

"एवढंच?" तो हसला. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि तिसऱ्याला धाडकन खाली!

"वारा आला," तो पुटपुटला.

दिलमायाने खिंडीत बांधलेल्या प्रार्थनेच्या पताकांकडे पाहिलं. एकही हलत नव्हती.

मग त्या बाईने तांदूळ आणि टाक्या दगडाआड ठेवल्या. खुकुरी काढून आपल्या डोक्याची एक बाजू कापली. टोपलीची हो! पोटापाण्याचं साधन होतं ते! त्यात हर्कला बसवलं, पाय बाहेर सोडले, पट्टा कपाळावर घेतला आणि उठली. तिच्याहून दीडपट नवरा!

"मला सोड. झोपू दे," तो म्हणत होता.

"झोपलास तर याद राख!"

दहा पावलं, मी, शीळ. पुन्हा दहा पावलं, मी, शीळ. माझ्यात दोन काळजं एकदम वाजत होती. तिचं जोरात आणि ठाम, त्याचं भिरभिरलेलं. तिचा घाम डोळ्यांत उतरत होता. मी कधी नव्हे ते घाबरलो. मोडलो तर? देवा, आज मला मोडू देऊ नकोस, एवढंच म्हणत होतो. फेरिचे गाव मागे पडलं, नदी ओलांडली, दुपार कलली. जसजसे खाली आलो तसतसं त्याचं काळीज तालावर येऊ लागलं. पांगबोचेची पहिली झाडं दिसली, तेव्हा तिने मला पुन्हा टेकवलं. ती शीळ घालणार, इतक्यात मागून बारीक आवाज आला.

"कासविणी, हळू चाल गं. पडेन मी."

इतका वेळ न रडलेली दिलमाया तिथे उभ्या उभ्या हमसून रडली.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. आता त्या वाटेवर खेचरं ओझी वाहतात. माझा भाऊ थुकलाला राहिला तो राहिलाच. मी कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला अडसर म्हणून उभा असतो. कोंबड्यांना माझी काय किंमत! पण माझी तक्रार नाही. एकच मागणं आहे. अंग बोलतं तेव्हा ऐकत जा. आणि तुमचं माणूस "मला काही झालेलं नाही" म्हणालं, तर त्याच्या तोंडाकडे पाहू नका, पावलांकडे पाहा.

अजूनही हर्क कधी सकाळभर गप्प बसला की दिलमाया खुराड्यापाशी येते, मला उचलते आणि अंगणात रेघ ओढते.

"चाल, म्हाताऱ्या."

पांढऱ्या मिशांचा हर्क कुरकुरत उठतो, टाचेला बोटं लावत शेवटपर्यंत जातो आणि वळून म्हणतो, "झालं समाधान, कासविणी?"

मग ती मला पुन्हा दाराला लावते.