चार अध्यक्षांची ताडपत्री

गेल्या मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास, सांगलीतल्या बाळासोंच्या हळदीच्या आवारात, मी मधोमध फाटले. वारा होता, पण मला वाऱ्याने फाडले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी ताडपत्री आहे. माझा जन्म खंडाळ्याजवळच्या एका कारखान्यात झाला. तारुण्यात मी कराडच्या लग्नांत जेवणावळींवर सावली धरली. लोक मला हात लावून म्हणत, "लय दणकट हाय." नंतर एका टेम्पोबरोबर मी इथे आले. पावसाळा सरला की मला ओलीच कोंबून ठेवत. एका मांजरीने माझ्या घडीत तीन पिल्ले वाढवली. तेवढीच काय ती माझी विचारपूस.

यंदा आवारात चार नवी माणसे आली: फौजेतून निवृत्त झालेले नाथाजी, टेम्पोवाले महंमदभाई, हळद निवडणाऱ्या चंद्राबाई आणि पॉलिशच्या यंत्रावरचा शिवतेज. बाळासोंनी बजावले, "आभाळ आलं की चौघांनी चार टोकं धरायची. एकजुटीनं."

एकजूट म्हणजे काय, हे चौघांना पक्के ठाऊक होते. त्यांनी लगेच मंडळ काढले. नाथाजी अध्यक्ष, चंद्राबाई कार्याध्यक्ष, महंमदभाई उपाध्यक्ष, शिवतेज खजिनदार. खजिना नव्हता. कार्यकर्ताही नव्हता. फाटकावर मात्र मोठा फ्लेक्स लागला: 'नवनिर्वाचित पदाधिकाऱ्यांचे हार्दिक अभिनंदन'. चौघांचे चेहरे, आणि खाली शुभेच्छुक म्हणून तेच चौघे. कोरा करकरीत होता. मला त्याचा हेवा वाटला.

मग मंगळवारी वळवाचे आभाळ आले. शिजवलेली हळद बाहेर वाळत होती.

"मी अध्यक्ष हाय, शेडकडं वढा!" नाथाजी गरजले.

"आवं, वारं तिकडनंच येतंय! फाटकाकडं घ्या!" चंद्राबाई ओरडल्या.

"आधी ठराव तरी करा," महंमदभाई म्हणाले आणि आपल्या टेम्पोकडे ओढू लागले. शिवतेजने कुणाचेच ऐकायचे नाही असे ठरवून चौथी दिशा धरली.

टर्रर्र.

पाऊस आला आणि फाटलेल्या जागेखालची हळद भिजून काळवंडली. बाळासो शांतपणे म्हणाले, "आणखी एकदा हळद भिजली, की चौघंबी घरी बसा. काम ठेकेदाराला."

त्या संध्याकाळी मंडळाची बैठक झाली नाही. नवी ताडपत्री मिळणार नव्हती. चंद्राबाईंनी दाभण आणि सुतळी घेतली, फाटकावरचा फ्लेक्स काढला आणि माझ्या पोटावर शिवून टाकला. छपाईची बाजू वर.

दुसऱ्या दिवशी चौघांनी सराव म्हणून मला नेहमीसारखे फरफटत नेले, मी दुमडले आणि फ्लेक्सवरचे चेहरे मातीला घासले, तोच शिवतेज किंचाळला, "नाथाजी, माझ्या तोंडावरनं पाय काढा!"

"मग तू माझी मिशी कशाला घासतोस रं?"

"माझा गॉगल सांभाळा!" शिवतेज पुन्हा ओरडला.

"कुनाचंच तोंड भुईला लागता कामा न्हाई," महंमदभाई म्हणाले. "उचलूनच न्या."

उचलायचे तर चौघांनी एकाच वेळी उचलायला हवे, नाहीतर एकाचे तोंड खाली लोंबते. दोन दिवस भांडण झाले. तिसऱ्या दिवशी चंद्राबाई नुसत्या खाकरल्या आणि चारी टोके एकदम वर गेली. नाथाजींनी हुकूम सोडला, तोवर मी ढिगावर पसरलेसुद्धा होते.

"कुणी सांगितलं?" नाथाजींनी विचारले. चंद्राबाई माझी घडी घालू लागल्या. त्यानंतर अध्यक्षपदाचा विषय निघाला नाही.

मित्रांनो, ताडपत्रीला वाळवून घडी घाला आणि तिला जमिनीवरून ओढू नका. त्यासाठी तिच्यावर तुमचा फोटोच असला पाहिजे असे नाही.

आज नदीकडून आभाळ काळे होऊन आले आहे. आवारात सगळी हळद उघडी आहे. बाळासो शेडमध्ये उभे आहेत, हातात फोन आहे, ठेकेदाराचा नंबर काढून ठेवला आहे. चौघे आपापल्या टोकाशी आहेत.

चंद्राबाई खाकरल्या. मी उचलली गेले आहे. पोटाखाली वारा शिरला आहे आणि नाथाजींच्या मिशीजवळचा एक टाका उसवला आहे. चारी टोके मात्र एकाच उंचीवर आहेत.