लकडगंजचा वन्स मोअर

विदर्भात खरं प्रेम जर कोणी केलं असेल, तर ते रुपरावजींनी. आणि तेही भीमपलासात. हे मत खुद्द रुपरावजींचं होतं. पुष्पलताबाईंचं मत अडतीस वर्षांच्या संसारात एकदाच कळलं होतं. "अहो, खिडकी लावून गा."

लकडगंजात जन्मभर सागवान विकलेल्या या गृहस्थांना आता जगाकडून काही नको होतं. बायकोनं एकदा, फक्त एकदा, 'वन्स मोअर' म्हणावं, बस्स. मौद्यातल्या मुलींच्या वाचनालयाच्या मदतीसाठी संगीत नाटकांतल्या प्रेमपदांची मैफल होणार आणि ती टीव्हीवर थेट दिसणार, असं कळताच ते सगळ्यात आधी नाव देऊन आले. पुष्पलताबाईंची खुर्ची पहिल्या रांगेत. मागच्या रांगेत लाकूडबाजारातले बारा मित्र, म्होरके नत्थूजी.

"आवाज थांबला का वन्स मोअर म्हणून वरडायचं," रुपरावजींनी बजावलं. "मंग तिलेही धीर येईल."

"तू बिनधास्त राह्य गा," नत्थूजी म्हणाले.

कार्यक्रमात आधी रुपरावजींच्या खांद्यावर सत्काराची शाल पडली. मग मयुरा नावाची निवेदिका त्यांच्या गळ्यावर, प्रेमावर आणि सागवानावर पाच मिनिटं बोलली आणि श्वास घ्यायला थांबली.

"वन्स मोअर!" बारा गळे कडाडले.

निवेदनाला वन्स मोअर मिळाल्याचं मयुरानं कधी ऐकलं नव्हतं. ती गहिवरली. तिनं सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

रुपरावजी रंगमंचाच्या कडेला वाकले. "काहून चिल्लावला गा? मी तोंड तरी उघडलं होतं का?"

"लिलावात थांबलं का माल दुसऱ्याच्या घरी जाते," नत्थूजी शांतपणे म्हणाले. "पण आता नाही बोलत, जाय."

तेवढ्यात टीव्हीच्या दिग्दर्शकानं दोन बोटं दाखवली. निवेदनातच वेळ गेलेला, आता दोनच मिनिटं! रुपरावजींनी आलाप गिळला, ताना सोडून दिल्या आणि पहिल्या रांगेकडे बघत थेट ध्रुवपद धरलं.

"माग सखे, माग काही, प्राणही देईन मी..."

शेवटच्या सुरावर आवाज कापला. त्यात थोडा दमा होता, बाकी सगळं खरं होतं. सभागृह चिडीचूप. नत्थूजी दिल्या शब्दाला जागून ओठ घट्ट मिटून बसले होते. उरलेल्या अकरांनाही त्यांनी डोळ्यांनी दाबून ठेवलं.

आणि पुष्पलताबाईंनी हात वर केला.

कॅमेरा गर्रकन वळला. मयुरा माइक घेऊन धावली. तबलजीनं तयारीत हात उचलला. रुपरावजींचे डोळे भरून आले.

"बोला वहिनी, बोला," नत्थूजींना राहवेना.

"अहो," पुष्पलताबाईंचा आवाज घरोघरी पोचला, "ती शाल तेवढी इकडं द्या न. एसीनं गारठून राहिली मी."