मनकवड्या बाबांचं तबक

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मनकवडे बाबा डोळे मिटून माझ्या ताईला म्हणाले, "लेकीला पत्र लिहिलंस, पण पाठवलं नाहीस." साठ माणसांनी एकदम 'अहाहा' केलं. ताई रडायलाच लागली. पत्र तिनं खरंच लिहिलं होतं, मेलमध्ये अर्धवट पडून होतं. लेकीशी तीन वर्षांचा अबोला, आणि बाबांचा हुकूम काय? "पाठवू नकोस. ती तुझी राहिली नाही. दर गुरुवारी इथे येत जा."

माझं डोकंच फिरलं. दारात सेवक तबक घेऊन उभा असायचा. आत जाताना फोन त्यात ठेवायचा, तोही लॉक काढून. "कुलूपबंद फोन म्हणजे कुलूपबंद मन!" घराला दोन-दोन कड्या घालणारी आमची शहाणी माणसं मुकाट्यानं फोन उघडे करून देत होती.

मी ताईला म्हटलं, "मेलमध्ये एक खोटं पत्र लिहून ठेव. जुळ्या बहिणीला, तब्येत विचारणारं."

"अरे, मला कुठली जुळी बहीण?"

"म्हणूनच."

पुढच्या गुरुवारी बाबा गहिवरले. "तुझी जुळी बहीण आजारी आहे ना?"

"मला जुळी बहीणच नाही, बाबा."

"मागच्या जन्मातली!" बाबांनी वेळ मारून नेली. लोकांनी माना डोलावल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

बाहेर येऊन ताईच्या फोनचं सेटिंग उघडलं. तिचं मेलचं खातं एका लॅपटॉपवरही चालू होतं. ताईकडे लॅपटॉप नाही. मी ते सगळ्यांना दाखवलं, तर शेजारचे काका म्हणाले, "असेल हो! त्यांनी काही चोरलं तर नाही ना?"

अहो काका, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरणं हाच गुन्हा आहे, कायद्यात तसं लिहिलंय. मनात कुणालाच शिरता येत नाही. उघड्या फोनमध्ये शिरायला दहा मिनिटं पुरतात. चमत्काराला हात जोडण्याआधी आपला फोन कुणाच्या हातात होता, एवढं तरी विचारा!

तेवढ्यात ताईनं डिलीट झालेले मेल उघडले. त्यात लेकीचा मेल होता, चार दिवसांपूर्वीचा. ताईनं तो कधी पाहिलाच नव्हता. "आई, फोन करू का?"

ताई तडक पोलीस चौकीत गेली. साहेबांनी जांभई देत विचारलं, "चोरीला काय गेलं, बाई?"

"माझ्या लेकीचं पत्र," ताई म्हणाली. "लिहून घ्या."