न काढलेला दुसरा फोटो

त्वचारोग विभागातल्या त्या अंधाऱ्या खोलीत कित्येक महिने एक लबाडी चालू होती, आणि सगळे तिला ‘वेळ वाचवणं’ म्हणत.

उन्हाने कातडीवर उठणाऱ्या खरखरीत चट्ट्यांवर तिथे उपचार होत. दुर्लक्ष झालं तर असा चट्टा कर्करोगापर्यंत जाऊ शकतो. मलम लावून तीन तास थांबायचं, मग निळ्या उजेडात फोटो काढायचा. औषध मुरलेली जागा गुलाबी चमकते. लाल दिव्याखाली औषध काम करतं आणि चमक विझते. ती विझली का, हे पाहण्यासाठी दुसरा फोटो. काम पाच मिनिटांचं! पण बाहेर तपासणीसाठी रांग असायची, म्हणून डॉक्टरांनीच सांगून ठेवलं होतं, की दुसऱ्या फोटोच्या रकान्यात ‘चमक नाही’ लिहून मोकळं व्हायचं. फोटो काढणारी ताई निमूटपणे लिहायची, खाली सही ठोकायची.

एके सकाळी कपडे शिवणाऱ्या एक मावशी आल्या. चट्टा कानशिलावर होता. दिव्याखालून उठल्यावर त्यांनी आपले फोटो पाहायला मागितले. ताईने पहिला दाखवला. दुसरा कुठाय, असं त्यांनी विचारताच, तुम्हाला त्यातलं काय कळणार, असं ताई बोलून गेली.

मावशींनी आवाज चढवला नाही. “गिऱ्हाइकाला देण्याआधी मी कपडा उलटा करून एकेक शिवण बघते. नुसत्या कापडासाठी, बाई. हा तर माझा चेहरा आहे. तू एकदाही बघणार नाहीस?”

ताईने कॅमेरा उचलला. तिने फोटो काढला. कानापुढचा बोटभर पट्टा अजून गुलाबी चमकत होता. केस झाकायला घातलेल्या टोपीची कड खाली घसरली होती. तिथे उजेड पोचलाच नव्हता. आणि फॉर्मवर, दिवा बंद होण्याआधीच, तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘चमक नाही’!

डॉक्टर वैतागले. बाहेर तपासणीसाठी वीस माणसं खोळंबलीत, एवढ्याशा पट्ट्याचं पुढच्या खेपेला बघू, म्हणाले. ताईने ऐकलं नाही. टोपी वर सारून तिने पट्ट्यावर पुन्हा दिवा धरला, चमक विझल्याचा फोटो काढला आणि मगच मावशींना सोडलं. मग कपाटातून एकेचाळीस जुने फॉर्म काढून डॉक्टरांपुढे ठेवले.

“यातली प्रत्येक सही माझी आहे, आणि प्रत्येक खोटी आहे. या सगळ्यांना परत बोलवायचं. तुम्ही नाही म्हणालात, तर मी स्वतः वरिष्ठांकडे जाईन.”

डॉक्टरांनी एकेक फॉर्म उलटून पाहिला. मग पहिल्या रुग्णाला त्यांनीच फोन लावला. तिसऱ्या दिवशी पाच जण येऊन गेले. त्यातल्या दोघांचे चट्टे पुन्हा वर आले होते.

मित्रहो, न पाहता ‘पाहिलं’ असं लिहिणारा माणूस वेळ वाचवत नाही. तो दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो. आणि आपण न विचारता गप्प बसतो, तेव्हा त्याला ते सोपं करून देतो.