रीसच्या पोटऱ्या

डॉक्टरीणबाई रीसच्या पोटऱ्या दाबून पाहत होत्या, तेव्हा लायलची छाती अभिमानाने फुगली. सहा वर्षांच्या पोराच्या अशा पोटऱ्या गावात दुसऱ्या कुणाच्या नव्हत्या.

"आमची मेहनत आहे ही," तो म्हणाला. "रोज तळघराचा जिना. वर-खाली, वर-खाली. पडतो जरा, उडीही मारता येत नाही नीट. पण पाय बघा की!"

त्याच्या बायकोने, डार्लाने, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. रक्ताचा रिपोर्ट टेबलावर होता आणि बाईंच्या चेहऱ्यावरून तिने केव्हाच ओळखलं होतं. लायलला असलं काही ओळखता येत नसे.

माणूस तसा वाईट नव्हता. दिवसभर धान्याच्या कोठारावर राबायचा आणि संध्याकाळी चिल्ल्यापिल्ल्यांना बर्फावरची हॉकी शिकवायचा. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या त्या गावात हिवाळा सहा महिने आणि हॉकी बारा महिने. तरुणपणी त्याला मोठ्या टीममधून काढलं होतं, का तर पाय काटकुळे! तेव्हापासून माणसाची किंमत तो मांड्या-पोटऱ्यांवरून करायचा. रीस बर्फावर सारखा आपटायला लागला, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकायला लागला, तेव्हा डार्ला म्हणाली, डॉक्टरला दाखवू. हा शहाणा म्हणाला, "आळस आहे गं नुसता. घाम काढला की जाईल."

बाईंनी रीसला नर्सबरोबर खेळायला पाठवलं आणि सावकाश सांगायला सुरुवात केली. स्नायूंत बारीक तंतू असतात. ते एकमेकांत सरकले की स्नायू आखडतो आणि पाय उचलला जातो. व्यायामाने स्नायूला किरकोळ इजा होते, विश्रांतीत शरीर ती भरून काढतं, वर थोडी जास्तच भर घालतं. त्यातूनच दंड कमावले जातात. रीसच्या स्नायूंना मात्र आतला आधारच जन्मापासून नाही. ते ओढ पडली की फाटतात, पुरते भरून येत नाहीत, हळूहळू मरतात. त्या जागी चरबी साठते.

"पण त्याच्या पोटऱ्या..."

"ती बरीचशी चरबीच आहे, लायल. आणि व्रण."

लायलने टोपी काढून हातात घेतली.

"आणि जिना?"

"उतरणं सगळ्यात वाईट. त्यात स्नायू जोर लावत असतानाच ताणला जातो." मग त्याच्याकडे बघून त्या घाईने म्हणाल्या, "हे बघा, आजार तुमच्यामुळे झालेला नाही. जिना केला नसता तरी तो होताच."

हे दुसरं वाक्य त्याच्या कानापर्यंत पोचलंच नाही. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात, ते औषध इथे बापानेच मांडीवर घेऊन पाजलं होतं.

"मग आता काय करू? सांगा तुम्ही. काहीही करतो."

"गोळ्या देऊ. पोहू दे, खेळू दे मनाला येईल तसं. दमला की थांबू दे. फक्त जोर करायला लावू नका."

"मग बरा होईल?"

"नाही. स्वतःच्या पायांनी थोडा जास्त काळ चालेल."

घरी येताना ट्रकमध्ये मागच्या सीटवर रीस झोपला होता. कडाक्याच्या थंडीत कोठारातला धान्य वाहून नेणारा बंद पडलेला पट्टा उघड्या हातांनी दुरुस्त करणारा हा गडी, स्टिअरिंग धरून रडत होता. "डार्ला," तो म्हणाला, "मला काहीतरी काम सांग गं." डार्लाने मागे वळून झोपलेल्या रीसच्या अंगावर आपला कोट घातला.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला, तर तळघराकडून धप्, धप् आवाज येत होता. कुणी न सांगता रीसचा जिना चालू होता. लायल धावला आणि त्याने पोराला अर्ध्या जिन्यात धरलं.

"बास! आजपासून जिना बंद."

रीस दचकला. घामेजलेलं तोंड वर करून तो बघत राहिला. सरावाच्या वेळी त्याने बापाला कोच म्हणायचं, असा लायलनेच नियम घातला होता.

"कोच, मला टीममधून काढलं का?"

"नाही रे राजा. तसं नाही."

"मग?"

सहा वर्षांच्या पोराला काय सांगायचं हे बाईंनी सांगितलं नव्हतं. लायल पायरीवर बसला. त्याने रीसला जवळ ओढलं, पण रीस अंग चोरून सुटला.

"मी अजून जोरात करतो," तो म्हणाला. "बघ तू." आणि मांड्यांवर हात रेटत तो पुढची पायरी चढायला लागला.